आम्हालाही मागच्या बाकावर बसू द्या: वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना एका ग्रंथपालाचं खुलं पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता आणि विभागप्रमुख,
ठाणे व नवी मुंबईतली सर्व वैद्यकीय महाविद्यालयं

स.न.वि.वि.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. दुपारी चारच्या सुमाराला ग्रंथालयातला फोन वाजला. मेडिसिनचा जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टर होता. मागून मॉनिटरचे आवाज आणि कुणाची तरी "मावशी, इकडे या" अशी हाक ऐकू येत होती. "मॅडम, स्ट्रोकनंतरच्या डिस्फेजियात थेरपी कधी सुरू करायची, यावर अलीकडचं काय आहे ते काढून ठेवता का? उद्या राऊंडला सर विचारणार." मी म्हटलं, ठेवते. साडेपाचपर्यंत बसून नऊ लेख काढले, प्रिंट घेतल्या, स्टेपल केल्या, वर त्याच्या नावाची चिठ्ठी लावली आणि काम चोख झाल्याच्या आनंदात ठाण्याची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा सगळा गठ्ठा घेऊन परत आला. म्हणाला, "मॅडम, पेशंटला गिळता येत नाहीये. हे लेख बोलता न येण्याबद्दल आहेत."

इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. एकात 'जी', दुसऱ्यात 'एस'. आपल्याकडे फोनवर दोन्ही 'डिस्फेजिया'च ऐकू येतात. आणि माझी चूक मला दिसली नाही, कारण दोन्ही तक्रारी स्ट्रोकनंतर येतात आणि दोन्हींसाठी स्पीच थेरपिस्टलाच बोलावतात. 'स्ट्रोक' जुळलं, 'थेरपी' जुळलं, निकाल धडाधड येत गेले. शरीराची तोंडओळख असती, तर मी त्याला फोनवर एवढंच विचारलं असतं, "पेशंटला राइल्स ट्यूब आहे का?" ही नाकातून पोटात घातलेली, अन्न देण्याची नळी. गोष्ट तिथेच मिटली असती. मेडलाइन या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसच्या विषयसूचीत गिळण्याच्या त्रासाचं मुख्य शीर्षक 'डिस्फेजिया' नाहीच, ते 'डिग्लुटिशन डिसऑर्डर्स' आहे, हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पेशंटचं काही बिघडलं नाही. सरांनी जेआरला सगळ्यांदेखत सुनावलं. जेआरने मला काहीच सुनावलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

हे पत्र त्या गठ्ठ्यापासून सुरू झालंय असं समजा. मागणी साधी आहे, ती आधीच सांगून टाकते म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचलं नाही तरी चालेल. तुमच्या ग्रंथपालांना पहिल्या वर्षाच्या लेक्चरला मागच्या बाकावर बसू द्या, पंधरा दिवसांतून एकदा वॉर्डच्या राऊंडला मागे उभं राहू द्या, आणि हे त्यांच्या कामाचा भाग आहे असं कागदावर लिहून द्या. मेहेरबानी म्हणून नको.

मी मूळची ठाण्याची. बी.ए. मराठीत केलं. वाचनाचं वेड लागलं ते मराठी ग्रंथसंग्रहालयात. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, म्हणून मी ग्रंथपाल झाले म्हटलं तरी चालेल. बी.लिब.ला रंगनाथन शिकलो. त्यांनी १९३१ साली मांडलेले पाच नियम आमच्यातल्या प्रत्येकाला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात. चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. वर्गीकरण शिकलो, तालिकीकरण शिकलो. हृदयविकाराच्या पुस्तकाला ड्यूईच्या वर्गीकरणात ६१६.१२ द्यायचं आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या पद्धतीत ते डब्ल्यूजीखाली जातं, हे पाठ होतं. हृदयाला कप्पे किती, हे मात्र दहावीनंतर विसरले होते. माझ्या मुलाखतीत दोन प्रश्न विचारले गेले: कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर येतं का, आणि इन्स्पेक्शनच्या आधी रात्री उशिरापर्यंत थांबाल का. दोन्हींना हो म्हटलं. नोकरी मिळाली.

पहिली दोन वर्षं मी शब्दांना नुसती पाट्यांसारखी ओळखत होते. 'आर.टी.ए.वर काहीतरी हवंय' असं बालरोग विभागातली एक मुलगी म्हणाली, तेव्हा मी तिला रस्ते अपघातांचे लेख दिले. ठाणे-बेलापूर रोडवर रोज ये-जा करणाऱ्या बाईच्या डोक्यात आर.टी.ए. म्हणजे दुसरं काय येणार? तिला मूत्रपिंडाच्या नलिकांचा आजार हवा होता, रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस. 'पी.आय.डी.' स्त्रीरोगात म्हटलं तर ओटीपोटातला दाह, पण जुन्या अस्थिरोगवाल्याच्या तोंडी पाठीतली सरकलेली चकती. 'एम.एस.' म्हणजे हृदयाची अरुंद झालेली झडप, की मज्जासंस्थेचा आजार, की आणखी काही, ते विचारणारा कुठल्या मजल्यावरून आलाय त्यावर ठरतं. आणि 'इलियम'चं तर विचारूच नका. एक आतडं, एक हाड, उच्चारायला दोन्ही सारखंच. इंग्रजीत मध्ये एका अक्षराचा फरक. आमच्या शेल्फवर ती दोन पुस्तकं पाच कपाटं लांब आहेत.

तेव्हा तेव्हाच्या वरिष्ठांकडे अर्ज केला होता, की आठवड्यातून दोन तास फिजिऑलॉजीच्या वर्गात बसू द्या. अर्जावर शेरा आला, "कामाशी संबंध नाही." कॉलेज कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही, तो शेरा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हातून आला असता. शिवाय शेरा देणारा माणूस वाईट नव्हता. त्यांच्या मनातला ग्रंथपाल म्हणजे इश्यू-रिटर्नचा काउंटर, दाखल नोंदवही आणि शेवटच्या वर्षाला 'नो ड्यूज'वर सही. तेवढ्या कामाला फिजिऑलॉजी खरंच लागत नाही.

मग मी चोरून शिकले. आवारातल्या नर्सिंग स्कूलच्या एक सिस्टर ट्यूटर होत्या. आता निवृत्त होऊन गावी गेल्यात. जीएनएमच्या पहिल्या वर्षाचं शरीररचनेचं पुस्तक त्यांनी मला दिलं आणि डबा खाता खाता शिकवलं. एमबीबीएसच्या जाड ग्रंथांवर मी वर्षभर डोकं आपटत होते, ते या पातळ पुस्तकाने सोपं केलं. आजही नव्या ग्रंथपालांना मी तेच सांगते, आधी नर्सिंगचं पुस्तक घ्या. त्यात अवयव काय करतो आणि तो बिघडला की माणूस कसा दिसतो, एवढंच असतं, आणि सुरुवातीला तेवढंच लागतं. सिस्टरांनी शब्द फोडायला शिकवलं. शेवटी 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे कापून काढणं, 'ऑस्टमी' म्हणजे तोंड करून ठेवणं. 'हायपर' आणि 'हायपो' मध्ये कान टवकारायचे. फोनवर ऐकलं तर दोनदा विचारायचं, कारण पोटॅशियम वाढलेल्या माणसाचे लेख पोटॅशियम कमी झालेल्या माणसासाठी पाठवले तर उलटंच होऊन बसेल. आपण मराठी माणसं संधी-समास फोडत मोठे झालो आहोत, त्यामुळे हे काम मला मनापासून आवडलं.

शब्द फोडता आले तरी प्रश्न कळतोच असं नाही. ते कळायला वॉर्डात जावं लागतं.

मेडिसिनच्या एका प्राध्यापकांनी मला तीन महिने दर गुरुवारी राऊंडला मागे उभं राहू दिलं. कुठल्याही कागदावर त्याची नोंद नाही, म्हणून त्यांचं नाव घेत नाही. तिथे मुरबाडकडून आलेला एक शेतकरी होता, घोणस चावलेला. रेसिडेंटने त्याचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि ती नळी टेबलावर ठेवून दिली. वीस मिनिटं. हलवायची नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलं नव्हतं. म्हणजे विष रक्तात काम करत होतं. सरांनी विचारलं, "प्लॅस्टिकची नळी असती तर?" कुणी बोललं नाही. मग त्यांनीच सांगितलं, की काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठायला सुरुवात होते. प्लॅस्टिकमध्ये निरोगी माणसाचं रक्तही गोठायला वेळ लावेल आणि आपण फसू.

हे मी पुस्तकातही वाचू शकले असते. पण सहा महिन्यांनी एका मुलीची थीसिस सर्पदंशावर होती आणि तिच्या शोधात फक्त 'क्लॉटिंग टाइम' होतं. त्याने हजारो बिनकामाचे लेख येत होते. मला ती टेबलावरची नळी आठवली. ही चाचणी 'ट्वेंटी मिनिट होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट' म्हणून येते, 'ट्वेंटी डब्ल्यूबीसीटी' म्हणून येते, 'डब्ल्यूबीसीटी ट्वेंटी' असं उलटंही लिहितात, आकडा कधी अंकात तर कधी अक्षरात. सगळी रूपं घातली. ढीग आटोपशीर झाला. मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, पाहिलंय.

दुसरं उदाहरण विंचवाचं देते, कारण ते आपल्या कोकणातलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेलं काम 'लॅन्सेट'मध्ये १९८२ पासून येत गेलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरता येतं हे त्यांनी दाखवलं. आता एखादा रेसिडेंट येऊन म्हणतो, "विंचूदंशावर सगळं हवंय." शरीर न कळणारा ग्रंथपाल 'विंचू' आणि 'दंश' हे शब्द टाकेल आणि थांबेल. विष काय करतं हे ठाऊक असेल तर पुढची दारं दिसतात. हे विष शरीरातली अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं एकदम सोडतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं. प्राझोसिन त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. म्हणजे शोधात 'पल्मनरी एडिमा' हवं, अल्फा ब्लॉकर हवेत, हृदयाचं नुकसानही हवं. आणखी एक गंमत आहे. त्या विंचवाचं शास्त्रीय नाव दोनदा बदललंय. जुन्या लेखांत तो 'ब्युथस टॅम्युलस', नंतर 'मेसोब्युथस', आता 'हॉटेंटोटा'. आजच्या नावाने शोधलं तर बावस्करांचेच जुने लेख हाती लागणार नाहीत! महाडमध्ये झालेलं काम खारघरच्या रेसिडेंटला दिसू नये, याहून करंटेपणा कुठला?

औषधांच्या नावांचीही हीच तऱ्हा. आपण पॅरासिटॅमॉल म्हणतो, अमेरिका अ‍ॅसिटामिनोफेन. आपलं साल्ब्युटामॉल त्यांचं अल्ब्युटेरॉल, आपलं अ‍ॅड्रिनलिन त्यांचं एपिनेफ्रिन. मेडलाइन अमेरिकेची, त्यामुळे तिथे त्यांची नावं शीर्षक होतात. दुसरा डेटाबेस एम्बेस, तो युरोपातला, तिथे पॅरासिटॅमॉल आणि साल्ब्युटामॉलच मुख्य. मेडलाइन शोधायचं संकेतस्थळ पबमेड बरंचसं स्वतः सांभाळून घेतं, आपण साल्ब्युटामॉल टाकलं तरी ते मागच्या मागे अल्ब्युटेरॉलही पाहतं. पण कुणी हुशारीने शब्दाला अवतरणचिन्हं लावली, की ही सोय बंद पडते आणि अर्धं वाङ्मय गळून जातं. पडद्यावर कुठेही लाल अक्षरात 'तुमचं अर्धं राहिलं' असं येत नाही. निकाल आलेलेच असतात, फक्त कमी. कमी आहेत हे कुणाला कळणार? ज्याला अंदाज आहे की या विषयावर साधारण किती असायला हवेत, त्याला.

आणि हे नुसतं थीसिसच्या गुणांपुरतं नाही. २००१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला दम्याच्या एका अभ्यासात २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हे जुनं औषध हुंगायला दिलं गेलं. तिची फुप्फुसं निकामी झाली आणि महिन्याभरात ती गेली. या औषधाने फुप्फुसांना इजा होते असे लेख १९५० च्या दशकात छापून आलेले होते. संशोधकाने शोध घेतला होता, पण पबमेड त्या काळी १९६६ पर्यंतच मागे जायचं. त्याच्या आधीचं छापील सूचीच्या खंडांत होतं, ग्रंथालयाच्या मांडणीवर. त्या वर्षी जुलैत सरकारने त्या संस्थेचं सरकारी निधीवरचं मानवी संशोधन काही दिवस थांबवलं. आमच्या व्यवसायात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. डॉक्टरांना सांगितली तर बहुतेक जण पहिल्यांदाच ऐकतात, म्हणून मुद्दाम लिहिली. जुनं औषध नव्या वाटेने दिलं जातंय, म्हणजे जुनी सूची उघडायला हवी, हे सुचण्यासाठी औषधाचा इतिहास थोडा तरी कळावा लागतो.

ग्रंथपालाने राऊंडला जाणं ही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ग्रंथपाल गर्ट्रूड लॅम्ब यांनी १९७१ साली ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर वॉर्डात पाठवायला सुरुवात केली. त्यालाही आता पन्नास वर्षं उलटून गेली. १९९२ मध्ये तिथल्याच रॉचेस्टरच्या रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ग्रंथपालांनी काढून दिलेल्या माहितीमुळे उपचारात काहीतरी बदल केला असं ८० टक्के डॉक्टरांनी सांगितलं. अर्थात डॉक्टरांनी स्वतःच स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, त्यामुळे मी तो आकडा डोक्यावर घेऊन नाचत नाही.

आपल्याकडचा एक प्रश्न सांगते, म्हणजे हे इथल्या मातीत कसं लागतं ते दिसेल. २६ जुलै २००५ नंतर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या पाण्यातून होणारा ताप) हा शब्द आपल्या भागात घरोघरी गेला. दर पावसाळ्यात पाणी तुंबलं, की दोन दिवसांनी ग्रंथालयात त्यासाठीच्या डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाबद्दल विचारणा सुरू होते. एकदा प्रसूती विभागातून निरोप आला, "लेप्टो प्रोफिलॅक्सिसवर काही असेल तर पाठवा." प्रोफिलॅक्सिस म्हणजे आजार होऊ नये म्हणून आधीच दिलेलं औषध. शिकण्याआधीची मी असते तर डॉक्सीवरचे दहा लेख पाठवून मोकळी झाले असते. पण निरोप प्रसूतीतून आलाय. गरोदर बाईला डॉक्सी सहसा देत नाहीत. म्हणजे त्यांना डॉक्सीबद्दल काही नकोच आहे. पाण्यातून चालत आलेल्या, पायाला जखम असलेल्या गरोदर बाईला डॉक्सीऐवजी काय, हा त्यांचा खरा प्रश्न. फोन करून खात्री केली, तसंच निघालं. पुस्तकात याला पिको म्हणतात: पेशंट कोण, उपाय कुठला, तुलना कशाशी, परिणाम काय हवा. कार्यशाळेत ही चार घरं भरायला सगळ्यांना येतात. पण निरोपात न लिहिलेलं पहिलं घर भरायला वॉर्डाची माहिती लागते.

आता तुमचे आक्षेप. तोंडावर ऐकलेत, म्हणून आधीच घेते.

पहिला आणि मला सगळ्यात मान्य असलेला: अर्धवट ज्ञान घातक असतं. खरं आहे. आमच्या काउंटरवर पेशंटचे नातेवाईकही येतात. ग्रंथालय तळमजल्यावर, ओपीडीच्या वाटेवर, पंखे चालू, बाई चष्मा लावून बसलेली. त्यांना वाटतं ही डॉक्टरच. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आजोबांनी रिपोर्ट पुढे केला आणि मी खालची ओळ वाचून "काही नाही आजोबा, सगळं नॉर्मल आहे" असं सांगून टाकलं. ओळीत 'नॉर्मल' हा शब्द होताच, पण एका अवयवाबद्दल. वरच्या परिच्छेदात काय होतं, ते मला वाचता येत नव्हतं. मी किती सहज बोलले होते, हे आठवलं की आजही घशाशी येतं. आज मला तो परिच्छेद बऱ्यापैकी वाचता येतो, आणि आज मी एक अक्षर बोलत नाही. परवा कॅन्टीनमधल्या एका मुलाने वडिलांचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आणला. प्लीहा थोडी वाढलेली, एवढं मला कळलं. त्याची कारणं किती असू शकतात, तेही कळलं, म्हणूनच जीभ आवरली. त्याला शब्दकोशातला शब्द दाखवला, "तुझ्या बाबांसाठी याचा अर्थ काय, ते फक्त डॉक्टर सांगतील" म्हटलं आणि ओपीडीच्या रांगेत नेऊन उभं केलं. न शिकलेली मी जास्त घातक होते.

दुसरा आक्षेप, पेशंटची गोपनीयता. योग्य आहे. इंटर्न लिहून देतात तसं हमीपत्र आमच्याकडूनही घ्या. केस पेपरला हात लावायची आम्हाला गरज नाही, मला पेशंटचं नावही नको. प्रश्न कसा तयार होतो तेवढं ऐकायचंय. एखाद्या पेशंटने "ह्या बाई कोण?" म्हणून नापसंती दाखवली, तर आम्ही दाराबाहेर थांबू.

तिसरा, माणसं नाहीत, काउंटर कोण सांभाळेल? हे मात्र तुम्ही मला विचारू नये. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात माणसं मिळतात.

आणि चौथा, सध्याचा लाडका: आता एआय आहे, ग्रंथपाल हवाच कशाला. गेल्या सिनॉप्सिसच्या, म्हणजे थीसिसचे आराखडे सादर करायच्या हंगामात एक रेसिडेंट संदर्भांची सुबक यादी घेऊन आला. लेखक, नियतकालिक, वर्ष, खंड, पानं, सगळं. त्यातले चार लेख अस्तित्वातच नव्हते. नियतकालिक खरं, खंडही खरा, पण त्या पानांवर भलताच लेख. मला पहिला संशय आला तो एका शीर्षकावरून, कारण त्यात औषध आणि आजार यांची जोडी वैद्यकीयदृष्ट्या जुळत नव्हती. संशय यायलाही थोडं यावं लागतं. आणि खऱ्या लेखांचंही काय सांगावं? २०२० मध्ये कोविडसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देण्यावरचा 'लॅन्सेट'मधला लेख २२ मेला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. त्या तेरा दिवसांत तो किती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला असेल, याची कल्पना करा. मागे घेतलेला लेख आजही कुणाच्या तरी थीसिसच्या संदर्भांत असतो; सिनॉप्सिस तपासताना मी तेवढं आवर्जून बघते.

पैशाचं म्हणाल तर मी जे मागतेय त्याला पैसे पडत नाहीत. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या संशोधन नियतकालिकांच्या वर्गणीच्या योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, पण ती सरकारी संस्थांसाठी. आपल्यातली खासगी महाविद्यालयं डेटाबेस स्वतःच्या खिशातून घेतात. दरवर्षी त्या बिलावर तुमचीच सही असते. एवढ्या किमतीची वस्तू घेऊन ती चालवणाऱ्याला आतलं काही कळू नये असा आग्रह धरायचा, हा हिशोब मला समजत नाही. रुग्णवाहिका घेतली तर चालकाला रस्ते माहीत आहेत ना, एवढं तरी आपण बघतोच.

काय शिकवायचं, तेही फार नाही. आम्हाला डॉक्टर व्हायचं नाही. बायोकेमिस्ट्रीतली चक्रं पाठ करायची नाहीत, ती तुमच्या मुलांनाही परीक्षेनंतर आठवत नाहीत. शरीररचना आणि शरीरक्रिया ढोबळ, प्रत्येक संस्थेतले नेहमीचे आजार, औषधांचे मुख्य गट, तपासण्या कशासाठी करतात. सगळ्यात जास्त वेळ मात्र पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकाच्या, संख्याशास्त्रावर घालवावा असं माझं मत आहे. हजारात दोघांना होणारा त्रास हजारात एकाला झाला, की लेखाच्या सारांशात 'धोका ५० टक्क्यांनी कमी' छापून येतं. दोन्ही खरं. कुठलं रेसिडेंटला आधी दाखवायचं, हे ठरवायला ते वाचता यायला हवं. जर्नल क्लबमध्ये आम्हाला खुर्ची असावी. लेख आम्हीच काढून देतो, मग त्यावर डॉक्टर काय बोलतात ते ऐकायला बाहेर का थांबायचं?

ठाणे ते पनवेल या एका रेल्वेमार्गाच्या आसपास आपली इतकी महाविद्यालयं आहेत, की एखाद्याला एकट्याने जमत नसेल तर मिळून एक संध्याकाळची तुकडी सहज चालेल. एका कॉलेजचे शरीरशास्त्राचे सर, दुसऱ्याचे औषधशास्त्राचे. आम्ही ग्रंथपाल एकमेकांना ओळखतोच, लेखांची देवाणघेवाण रोज चालते. कळव्याहून, नेरुळहून, कामोठ्याहून सहा वाजता वाशीला पोचायला कुणाला अडचण नाही. ग्रंथालयशास्त्राच्या विभागांनाही कधीतरी वेगळं पत्र लिहीन. विधी ग्रंथालय, वैद्यक ग्रंथालय हे सगळं एका पेपरच्या एका युनिटमध्ये उरकणारे तेच.

माझ्याकडे अकरा वह्या आहेत. गेल्या बारा वर्षांत काउंटरवर न समजलेला प्रत्येक शब्द तारखेसह लिहिलाय, समोर नंतर कळलेला अर्थ. पहिल्या पानावर 'डिस्फेजिया' आहे, दोनदा. कुणाला अभ्यासक्रम ठरवायचा असेल तर या वह्या मी आनंदाने देईन. त्यातले शब्द मोजले तरी कुठल्या विषयाला किती तास द्यायचे ते कळेल.

नवी बॅच आली की फिजिऑलॉजीची लेक्चरं सुरू होतील. आमच्या दोन नव्या सहायक ग्रंथपालांनी एकीने मंगळवार आणि दुसरीने शुक्रवार असे वार आपापसात वाटूनही घेतलेत. काउंटर तेवढा वेळ मी बघेन. त्यांचे अर्ज या आठवड्यात तुमच्या टेबलावर येतील.

आपली नम्र,
ट्रान्स-हार्बर लाइनवर रोज ये-जा करणारी एक वैद्यकीय ग्रंथपाल
ठाणे